तेलाचं बिल कोणत्या समितीपुढे येतं?

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
संरक्षण, ऊर्जा आणि पेट्रोलियम व नैसर्गिक वायू या विषयांच्या संसदीय स्थायी समित्या,
नवी दिल्ली

महोदय, महोदया,

स.न.वि.वि.

तिन्ही समित्यांना मिळून एकच पत्र लिहितोय, कारण माझी तक्रारच ती आहे. दरवर्षी फेब्रुवारीत अर्थसंकल्प मांडला जातो, मग अधिवेशनाला मधली सुट्टी लागते आणि त्या सुट्टीत आपण आपापल्या मंत्रालयांच्या अनुदानाच्या मागण्या, म्हणजे वर्षभराच्या खर्चाचे प्रस्ताव, तपासता. संरक्षणवाले विमानांच्या स्क्वाड्रन मोजतात, ऊर्जावाले सौरऊर्जेचे मेगावॅट, पेट्रोलियमवाले रिफायनरी आणि गॅसच्या जोडण्या. तीन वेगळे अहवाल निघतात. ते संसदेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात आणि निवृत्त माणसाला वेळ असतो, म्हणून मी ते वाचतो. बरेचदा उत्तम असतात. पण बाहेरून आणलेल्या ज्या इंधनावर आपली फौज आणि आपला संसार दोन्ही चालतात, त्याचा सुरक्षेच्या अंगाने हिशोब या तीन अहवालांच्या मधल्या फटीत पडतो.

मी सातारा जिल्ह्यातला. आमच्याकडे अपशिंगे नावाचं गाव आहे, त्याला सगळे ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जण कामी आले, त्यांच्या नावाची पाटी इंग्रजांनी लावली. देशातलं पहिलं सैनिक स्कूल १९६१ साली साताऱ्यातच निघालं. याच जिल्ह्यात कोयनेचं धरण आहे, ज्याच्या पाण्यावर १,९६० मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प चालतो, चाळकेवाडी आणि वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, आणि पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी हे राज्यातलं पहिलं सौरग्राम म्हणून जाहीर झालं. तेव्हा फौज मोठी की वीज, असा वाद आमच्या घरात कुणी घातला तर जेवणाचं ताट थंड होईल, पण निकाल लागायचा नाही.

हा वाद सध्या मोबाइलवर मात्र जोरात चालतो. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणाला ६,८१,२१० कोटी रुपये, नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाला २६,५४९ कोटी. म्हणजे पंचवीसपटीहून जास्त. त्याखाली कुणी लिहितो की नौदलाच्या २६ राफेलला सुमारे ६३ हजार कोटी आणि एक कोटी घरांच्या छपरांवर सौर पॅनल लावायच्या पीएम सूर्यघर योजनेला ७५ हजार कोटी, बघा, जवळपास तेवढेच! दुसरा त्याला विचारतो, पॅनल दाखवून पाकिस्तानला परत पाठवणार का?

दोघांचाही हिशोब कच्चा आहे. संरक्षणाच्या ६.८१ लाख कोटींपैकी १,६०,७९५ कोटी पेन्शनचे आहेत. आमच्या भागात कित्येक घरांत पोरांची फी, म्हाताऱ्यांची औषधं आणि सोसायटीच्या कर्जाचा हप्ता त्या पेन्शनवर निघतो. त्या रकमेकडे बोट दाखवून कुणी ‘एवढ्यात किती पॅनल आले असते’ म्हणत असेल, तर त्याने ते अपशिंग्याच्या चावडीवर येऊन म्हणावं. नवी शस्त्रसामग्री, बांधकामं वगैरेंसाठी मिळून भांडवली तरतूद होती १.८० लाख कोटींची. आणि ऊर्जेच्या बाजूला २६,५४९ कोटी म्हणजे स्वच्छ ऊर्जेवरचा सगळा पैसा नव्हे. कच्छ आणि राजस्थानातले मोठे प्रकल्प बहुतांशी खासगी भांडवलावर आणि बँकांच्या कर्जावर उभे राहतात. एनटीपीसी आणि पॉवरग्रिड या सरकारी वीज कंपन्या आपला पैसा वेगळा घालतात. पाणबुडी विकत घ्यायला मात्र सरकारखेरीज दुसरं गिऱ्हाईक नसतं. त्यामुळे पंचवीसपट हा आकडा ऐकायला झणझणीत, पण त्यातून फारसं काही ठरत नाही.

ठरतं ते तिसऱ्या आकड्यातून, जो या तक्त्यात कधी नसतो. २०२४-२५ मध्ये आपण कच्च्या तेलाच्या आयातीवर सुमारे १३७ अब्ज डॉलर मोजले. रुपयांत हे साधारण साडेअकरा लाख कोटी होतात, म्हणजे पेन्शनसकट सगळ्या संरक्षण खर्चाच्या दीडपटीहून जास्त. त्यातलं काही तेल शुद्ध करून आपण परत विकतो, हे खरं. तरी आपल्या गरजेच्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक बाहेरून येतं. हा खर्च अर्थसंकल्पात दिसत नाही, कारण तो तेल कंपन्या करतात आणि आपण पंपावर थोडा थोडा फेडतो. संरक्षण मंत्रालयाने बूट खरेदी केले तरी त्याची मागणी संसदेत मांडावी लागते. साडेअकरा लाख कोटींवर मात्र कुणी मत देत नाही. आपल्या तिन्ही समित्यांपैकी हा खर्च देशाच्या सुरक्षेच्या नजरेने तपासणं नेमकं कुणाचं काम, हे मला अहवाल वाचून उमगलेलं नाही.

सुरक्षेच्या नजरेने का, तर १९९० साल आठवा. ऑगस्टमध्ये सद्दामच्या फौजा कुवेतमध्ये घुसल्या. तेलाचे भाव दुपटीपर्यंत गेले, आखातातून येणारा पैसा आटला, आपली दीड-पावणेदोन लाख माणसं विमानांनी परत आणावी लागली. तिजोरी आधीच खिळखिळी होती, सगळा दोष तेलाचा नव्हता. पण धक्का तेलाने दिला. १९९१ च्या उन्हाळ्यात परकीय चलन दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलं. मे महिन्यात २० टन सोनं स्विस बँकेकडे गेलं, जुलैमध्ये आणखी सुमारे ४७ टन रिझर्व्ह बँकेच्या साठ्यातून उचलून मुंबईहून विमानाने परदेशी धाडलं. त्या काळात आपल्यावर कुणी चाल करून आलं नव्हतं. दोन परक्या देशांच्या भांडणात आपलं सोनं गहाण पडलं.

आजही आखातातलं तेल आणि गॅस होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून येतो. स्वयंपाकाच्या गॅसची निम्म्याहून जास्त गरज आपण आयातीवर भागवतो आणि त्यातला बहुतेक माल याच वाटेने येतो. जून २०२५ मध्ये इस्रायल-इराण युद्ध पेटलं तेव्हा इराणच्या संसदेने सामुद्रधुनी बंद करण्याच्या बाजूने ठराव केला आणि नुसत्या त्या बातमीने बाजार हलला. तेलाचे टँकर सुखरूप यावेत म्हणून आपलं नौदल जून २०१९ पासून ‘ऑपरेशन संकल्प’ खाली आखाताच्या तोंडाशी युद्धनौका ठेवत आलं आहे. नौदलाने ते करायलाच हवं. पण मग त्या युद्धनौकेचा खर्च संरक्षणात धरायचा की तेलाच्या किमतीत? पंपावरच्या भावात तो कुठेच दिसत नाही. आणि सौर वीज ‘महाग’ की ‘स्वस्त’ हे ठरवताना आपण तुलना करतो ती पंपावरच्या भावाशी.

अडीनडीसाठी विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूर इथे डोंगराच्या पोटात तेलसाठे आहेत, एकूण ५३.३ लाख टनांचे. सरकारचाच हिशोब सांगतो की ते पूर्ण भरले तर देशाला साडेनऊ दिवस पुरतील. तेल कंपन्यांच्या टाक्या धरल्या तर अडीच महिन्यांच्या आसपास. ओडिशातलं चंडीखोल आणि पादूरचा विस्तार अशा साठ्यांच्या दुसऱ्या टप्प्याला २०२१ साली मंजुरी मिळाली. तेल अजून त्यात पडलेलं नाही. तोफगोळ्यांचा साठा किती दिवसांच्या तीव्र युद्धाला पुरेल यावर संसदेत खडाजंगी होते, कॅगचे अहवाल येतात, वर्तमानपत्रांत मथळे येतात. तेलाच्या साडेनऊ दिवसांवर तशी खडाजंगी झाल्याचं मला आठवत नाही.

इथे सौरऊर्जेच्या भक्तांनाही एक गोष्ट सुनावली पाहिजे. छपरावर पॅनल लावल्याने तेलाचा एक थेंबही आपोआप वाचत नाही. भारतातल्या वीजकेंद्रांत तेल जाळून वीज जवळपास कुणी करत नाही. पॅनल वाचवतं तो कोळसा, आणि तो बहुतांशी आपलाच, चंद्रपूर-वणीच्या खाणींतला. तेल वाचतं ते डिझेलवर चालणारं काहीतरी विजेवर आणल्यावर. कोकण रेल्वे हे आपल्या डोळ्यांसमोरचं उदाहरण. ७४१ किलोमीटरचा मार्ग, बोगदे, पूल, कोसळता पाऊस, आणि २०२२ पर्यंत सगळं विद्युतीकरण पूर्ण. दिव्याहून निघालेल्या गाडीच्या डिझेल इंजिनाचा धूर बोगद्यात डब्यात भरायचा, खिडक्या लावून घ्यायची एकच धांदल उडायची. तो धूर गेला, त्यासोबत तितकी आयातही गेली. बस, रिक्षा, शेतातले डिझेल पंप, गॅसची शेगडी यांच्या बाबतीत हेच करायचं तर वीज लागेल, आणि ती रात्री साडेसातलाही लागेल. म्हणून बॅटऱ्या आणि पाणी वर चढवून साठवणारे उदंचन प्रकल्प लागतील, पारेषणाच्या तारा लागतील. जून २०२५ मध्ये देशाच्या एकूण वीजक्षमतेत कोळसा-तेल-वायू सोडून बाकीच्यांचा वाटा निम्म्यावर पोचला, ठरवलेल्या मुदतीच्या पाच वर्षं आधी. कौतुक आहेच. पण ती क्षमता झाली. प्रत्यक्षात तयार होणाऱ्या विजेत जवळपास तीन चतुर्थांश अजून कोळशाची आहे.

आता खुद्द फौजेचं डिझेल. माझे एक नातेवाईक मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. लडाखच्या पोस्टिंगबद्दल त्यांना विचारलं की शत्रूच्या आधी ते जरीकॅनबद्दल बोलतात. उन्हाळ्यात झोजी ला आणि रोहतांगच्या वाटा उघड्या आहेत तोवर सहा महिन्यांचा शिधा आणि इंधन वर चढवायचं, याला फौजेत ‘विंटर स्टॉकिंग’ म्हणतात. पुढे ट्रक जात नाही तिथे खेचर, खेचर थांबतं तिथे माणूस. बंकरमध्ये ऊब देणारी बुखारी रॉकेलवर, संदेशयंत्रणा जनरेटरवर, जनरेटर डिझेलवर. थंडीत साधं डिझेल मेणासारखं थिजतं, म्हणून इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल काढलं. आखातातून बंदरात आलेलं तेल रिफायनरीतून, टँकरमधून, खेचराच्या पाठीवरून त्या बंकरात पोचेपर्यंत त्याची एका लिटरची खरी किंमत किती झाली असेल? हा प्रश्न संरक्षण समितीने विचारावा अशी माझी फार इच्छा आहे.

कारण उत्तराची सुरुवात झालेली आहे. पूर्व लडाखमध्ये चुशूलला एनटीपीसी लष्करासाठी सौर-हायड्रोजन मायक्रोग्रिड उभारते आहे: दिवसा उन्हातून वीज, उरलेल्या विजेने हायड्रोजन, रात्री त्यापासून पुन्हा वीज. क्षमता २०० किलोवॅट, जागा समुद्रसपाटीपासून चौदा हजार फुटांवर. त्याच लडाखमध्ये पांग इथे १३ गिगावॅटचा सौर आणि पवन प्रकल्प नियोजित आहे. तिथून हरियाणातल्या कैथलपर्यंत ७१३ किलोमीटरची वाहिनी टाकायला मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये २०,७७३ कोटींची योजना मंजूर केली. गिगावॅटचा प्रकल्प दिल्ली-हरियाणाला वीज देणार, आणि त्याच पठारावरच्या चौक्या जनरेटरवर. चुशूलचे २०० किलोवॅट म्हणजे आमच्याकडच्या एका बऱ्यापैकी साखर कारखान्याच्या विजेपुढे चिल्लर. ही चिल्लर आघाडीवरच्या प्रत्येक मोठ्या तळावर का नाही, आणि असेल तर तिचा खर्च कुणाच्या खात्यात टाकायचा यावर फायली अडतात का, हे दोन समित्यांनी एका टेबलाशी बसल्याशिवाय कळणार नाही.

स्वच्छ ऊर्जा म्हटलं की सगळं गोमटं, असंही नाही. ३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री सिक्कीममध्ये दक्षिण ल्होनाक हे हिमनदीचं सरोवर फुटलं. तीस्तेच्या लोंढ्याने चुंगथांगचं धरण फोडलं, १,२०० मेगावॅटचा तीस्ता-३ प्रकल्प बंद पडला. खाली बारदांगला उभी असलेली लष्कराची वाहनं चिखलात गाडली गेली. २३ जवान बेपत्ता झाले, त्यातला एक सुखरूप मिळाला. दारूगोळा वाहत थेट जलपाईगुडीपर्यंत गेला आणि नदीत दिसेल त्या वस्तूला हात लावू नका, अशा दवंड्या द्याव्या लागल्या. शत्रूने एक गोळी न झाडता एका रात्रीत इतकं नुकसान. हवामान बदल हा पर्यावरणवाल्यांचा विषय म्हणून बाजूला ठेवणाऱ्या संरक्षण समितीच्या सदस्यांनी बारदांगला एकदा जाऊन यावं. आणि वितळत्या हिमनद्यांच्या खाली धरणं बांधून त्याला ‘हरित’ म्हणणाऱ्या ऊर्जा समितीनेही त्यांच्यासोबत त्याच गाडीतून जावं.

सगळ्यात अवघड मुद्दा चीनचा. तेलासाठी आखातापुढे हात पसरायचे थांबवून पॅनलसाठी बीजिंगपुढे पसरले तर कमावलं काय? सौर पॅनलच्या साखळीत पॉलिसिलिकॉन या कच्च्या मालापासून मॉड्यूलपर्यंत, म्हणजे तयार पॅनलपर्यंत, प्रत्येक टप्प्यावर चीनचा वाटा ८० टक्क्यांच्या वर आहे. आपण मॉड्यूल आता भरपूर जोडतो, सेलही करू लागलो. त्यामागचं वेफर, म्हणजे सेलसाठी लागणारी सिलिकॉनची पातळ चकती, आणि पॉलिसिलिकॉन अजून बहुतांशी बाहेरचं. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ मृदा धातूंच्या चुंबकांवर निर्बंध आणले आणि दोन-तीन महिन्यांत आपल्या वाहन कंपन्यांचं धाबं दणाणलं. हीच चुंबकं पवनचक्कीच्या जनित्रात लागतात, विजेवरच्या स्कूटरच्या मोटरमध्ये लागतात आणि क्षेपणास्त्राच्या पंखांना दिशा देणाऱ्या मोटरीतही लागतात. म्हणजे ज्या कच्च्या मालासाठी ऊर्जा मंत्रालय बाजारात उभं आहे, त्याच रांगेत संरक्षण मंत्रालयही आहे. तरीही एक फरक उरतोच. टँकर आला नाही तर पंधरा दिवसांत गाडी उभी. पॅनल आलं नाही तर कालपर्यंत लावलेली पॅनल पंचवीस वर्षं वीज देतच राहतात. चीनवरचं अवलंबित्व वाईट खरं, पण ते रोजच्या रोज गळा दाबू शकत नाही. इंटरनेटला जोडलेल्या परदेशी इन्व्हर्टरचा धोका वेगळा, त्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहावं लागेल.

संरक्षण मंत्रालयाकडे यासाठी एक हत्यार तयार आहे: सकारात्मक स्वदेशीकरणाच्या याद्या. अमुक तारखेनंतर अमुक वस्तू बाहेरून घ्यायची नाही, असं ठरवून शेकडो सुटे भाग देशात बनवायला लावले. त्यात उशीर झाले, काही वस्तू नुसत्या जोडणीपुरत्या स्वदेशी निघाल्या, पण कारखानदारांना गिऱ्हाईक पक्कं आहे एवढं कळलं. वेफर, बॅटरीचे सेल आणि चुंबकं याच यादीत टाका. पहिलं गिऱ्हाईक संरक्षण खातं होऊ दे, भाव थोडा जास्त पडला तरी. फौज महाग पण खात्रीचं घेते, ही तिची जुनी रीत आहे. ती इथे देशाच्या कामी येईल.

जागेचीही अडचण नाही. संरक्षण खात्याकडे सुमारे १८ लाख एकर जमीन आहे. त्यातली बरीचशी फायरिंग रेंज आणि डोंगरदऱ्या आहे, मान्य. पण खडकी, देहूरोड, वरणगाव, अंबाझरी, भद्रावती इथल्या आयुध निर्माणींची छपरं पाहा, एकेक शेड फुटबॉलच्या मैदानाएवढी. दारूगोळ्याच्या कोठारावर पॅनल लावू नका, एवढं सांगायला तज्ज्ञ लागत नाही. बाकी जागा कमी नाही. युक्रेनमध्ये २०२२ च्या हिवाळ्यापासून रशियाने वीजकेंद्रं आणि उपकेंद्रं हेरून हेरून फोडली. मोठं केंद्र एका क्षेपणास्त्राने पडतं. दवाखान्याच्या छपरावरच्या पॅनलवर क्षेपणास्त्र टाकणं कुणालाच परवडत नाही.

उलट सरकारी जमीन सोडून दरवेळी डोंगरातल्या माणसाच्या जमिनीवर डोळा ठेवू नका, हे साताऱ्याचा माणूस म्हणून बजावतो. कोयनेच्या धरणग्रस्तांची नातवंडं अजून जमिनीसाठी मोर्चे काढतात. त्यांच्या पाण्यावर झालेल्या विजेने मुंबई उजळली. चाळकेवाडीच्या पठारावर जुन्या, साडेतीनशे किलोवॅटच्या चक्क्या आहेत. आजचं एक यंत्र तशा आठांचं काम करेल. नवं पठार खोदण्याआधी जुन्या चक्क्या बदला. आणि दिवसा थ्री-फेज द्या. बिबट्याच्या भागात रात्री दोनला मोटर चालू करायला जाणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने सौर कृषी वाहिनी ही हवामानाची योजना नाहीच, जिवाची आहे.

संरक्षणावर जीडीपीच्या ३ टक्के खर्च व्हावा, अशी शिफारस संरक्षण समितीने पूर्वी केलेली आहे. आज तो २ टक्क्यांच्या आत आहे. गलवान झालं, ऑपरेशन सिंदूर झालं. ड्रोन आणि हवाई संरक्षणाला पैसा लागणार, तो द्या. माझं म्हणणं वाढीव पैशापुरतं आहे. पुढची काही वर्षं वाढीचा एक ठरलेला हिस्सा आघाडीच्या तळांवरची वीज, इंधनसाठे, वेफर-बॅटरी-चुंबकांची देशी खरेदी यांच्या नावे वेगळ्या लेखाशीर्षाखाली दाखवा, आणि तो संरक्षण खर्चच माना. दहा टक्के असावा असं मला वाटतं. आपण पाच ठरवलात तरी भांडणार नाही. ऊर्जेच्या अनुदानातून तो वळता करू नका, पेन्शनला तर हातही लावू नका.

हे ठरवण्याआधी पुढच्या अनुदान मागण्यांच्या वेळी तिन्ही समित्यांनी एक दिवस एकत्र बसावं. लोकसभाध्यक्षांची परवानगी लागत असेल तर मागावी. संरक्षण सचिव, नवीकरणीय ऊर्जा सचिव आणि पेट्रोलियम सचिव यांना एकाच वेळी साक्षीला बोलवा. पहिला प्रश्न असा विचारा: गेल्या वर्षी तिन्ही दलांनी मिळून किती इंधन जाळलं, आणि आघाडीच्या चौकीवर पोचलेल्या एका लिटरचा खर्च किती? आकडा गोपनीय आहे असं उत्तर येईल. आपल्या बैठका बंद दाराआडच होतात, तेव्हा आकडा तिथेच घ्या आणि अहवालात त्याचा निष्कर्ष छापा. दुसरा प्रश्न पेट्रोलियम सचिवांना: चंडीखोलच्या साठ्यात तेल कोणत्या तारखेला पडणार? तारीखच घ्या. ‘प्रक्रिया सुरू आहे’ हे उत्तर कृपया इतिवृत्तात घेऊ नका.

कळावे,

आपला,
सातारा जिल्ह्यातील एक मतदार